दुअंमल : पेशवे-निजाम संबंधांचे एक सूत्र

मोगल सत्तेचा आधार खचू लागला तेव्हा दक्षिणेत दोन सत्ता जवळजवळ एकाच वेळी उदयास आल्या : छत्रपती शाहूंच्या वतीने कारभार करणारे पेशवे आणि १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून स्वतंत्र झालेला निजामुल्मुल्क. यांचा इतिहास म्हणजे लढाया व तह यांची आळीपाळीने आलेली मालिका, असे सामान्यतः समजले जाते. वास्तविक स्नेह व वैर या दोहोंचे मूळ एकाच व्यवस्थेत होते. ती व्यवस्था म्हणजे दुअंमल होय.

१७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखी, म्हणजे वसुलाचे अनुक्रमे शेकडा २५ व १०, मराठ्यांस मिळाली. प्रदेश निजामाचा, पण वसुलात वाटा मराठ्यांचा, असा हा प्रकार. फारसी ‘दो’ आणि अरबी ‘अमल’ यांपासून बनलेला हा शब्द वस्तुस्थिती नेमकी सांगतो : अंमल विभागलेला नव्हता, एकाच भूमीवर दुहेरी होता. मुलूख ओसाड पडला तर हानी दोघांचीही होती. मात्र मराठ्यांचे कमाविसदार गावोगाव वावरत असता निजामास आपले स्वामित्व पूर्ण वाटणे शक्य नव्हते.

म्हणूनच शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांच्यातील वादाचे निमित्त करून निजामाने चौथाई अडविली. १७२८ मध्ये पालखेडनजीक, तोफखान्यापासून दूर व पाण्यावाचून, तो कोंडला गेला. तरीही बाजीरावाने त्याची सत्ता बुडविली नाही. मुंगी-शेवगावच्या तहाने शाहूंचे हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतले, एवढेच. १७३२ मध्ये दोघांची भेट होऊन उत्तरेतील मराठी मोहिमांबाबत निजामाने तटस्थतेचे धोरण पत्करले. परंतु पाचच वर्षांनी, बादशहाच्या साहाय्यास गेलेला निजाम भोपाळ येथे बाजीरावासमोर उभा होता.

पुढील पिढ्यांतही हेच दिसते. टिपूविरुद्ध दोघे इंग्रजांसह लढले व १७९२ मध्ये जिंकलेल्या मुलखाचे वाटेकरी झाले. अवघ्या तीन वर्षांनी, थकलेल्या चौथाईवरून, खर्ड्यास ते परस्परांशी लढले.

खर्ड्याचा विजय मराठ्यांचा खरा. पण त्यातून दोन्ही दरबारांना मान्य होईल असा तंटा मिटविण्याचा मार्ग निघाला नाही. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि १८०२ मध्ये वसईच्या तहाने पेशव्यानेही तेच केले. शेजाऱ्याचा वाटा सहन न होणाऱ्या या दोन्ही सत्तांनी अखेरीस तिसऱ्याचा अंमल पत्करला.