एक पत्र आणि ऐंशी हजार रुपये

ऑगस्ट १९४३ मध्ये होमी भाभा यांनी जे. आर. डी. टाटा यांना पत्र लिहून, भारतात मूलभूत संशोधनाला पोषक वातावरण नाही आणि पुरेसे अर्थसाहाय्यही नाही, अशी खंत व्यक्त केली. जेआरडींच्या उत्तरात सहानुभूती होती, तशीच एक अपेक्षाही होती. वैज्ञानिकांनी ठोस प्रस्ताव सबळ कारणांसह मांडावा; मग सर दोराबजी टाटा ट्रस्ट त्याला प्रतिसाद देण्याची चांगली शक्यता आहे, असे त्यांनी कळवले.

तो प्रस्ताव १२ मार्च १९४४ रोजी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांच्याकडे गेला. भाभा तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करीत होते. विश्वस्त भौतिकशास्त्रज्ञ नव्हते. त्यामुळे पत्रात समीकरणांना जागा नव्हती. आकडेही जपूनच वापरलेले होते. देशात गुणी संशोधक आहेत, पण ते विखुरलेले आहेत, हे निदान प्रथम येते. त्यांना एकत्र आणणारे केंद्र लहान प्रमाणात सुरू करावे, हा उपाय त्यानंतर. युद्धानंतर परदेशी जाण्याचा आपला विचार होता. परंतु योग्य कदर आणि पाठबळ मिळत असेल तर मायदेशी राहणे हेच कर्तव्य, असे आता वाटते, हेही भाभांनी लिहिले. विनंतीइतकाच हा सौम्य शब्दांतला इशाराही होता.

पत्राचे खरे बळ मात्र एका भाकितात आहे. सुमारे दोन दशकांत अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असे ते सांगतात. हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होते! दात्याला केवळ गरज सांगून भागत नाही. दिलेल्या पैशाचे काय होणार, हे मुदतीसह सांगावे लागते. भाभांनी ते केले. अर्थात, दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या आत्या होत्या, हे विसरून चालणार नाही. विश्वस्तांचे दार इतक्या सहज उघडणे त्या काळी किती भारतीय संशोधकांच्या नशिबी होते?

ट्रस्टने होकार दिला. मुंबई सरकारही सहभागी झाले. आरंभीच्या वार्षिक ऐंशी हजार रुपयांपैकी ट्रस्टचा वाटा ४५ हजार, मुंबई सरकारचा २५ हजार आणि केंद्राचा १० हजार होता. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली.

आणि भाकिताचे काय झाले? ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. ती भारतीय अभियंत्यांनी उभारली होती; इंधन मात्र ब्रिटनचे होते. अणुवीज मिळण्यास १९६९ उजाडले. तारापूरच्या त्या पहिल्या अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधलेल्या होत्या, आणि त्या पाहण्यास भाभा हयात नव्हते.