अथेन्सची विद्यासभा

सिडनीच्या पश्चिमेकडील पेंडल हिलमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांस ग्रीक तत्त्वज्ञानाची पहिली ओळख करून द्यावयाची, तर पोप दुसरा ज्यूलियस याच्या आज्ञेवरून राफाएलने १५०९ ते १५११ या काळात रोमच्या व्हॅटिकन प्रासादात रंगविलेल्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्राइतके समर्थ साधन विरळाच. ऊर्ध्व अंगुली दाखविणारा प्लेटो आणि भूमीकडे तळहात पसरणारा ॲरिस्टॉटल यांचा मतभेद त्याने सहप्रवासाच्या रूपात रेखाटला; आणि पायथागोरसच्या मागून डोकावणारा, परंपरेने इब्न रुश्द मानला गेलेला पागोटेधारी पंडित या विद्येच्या अरबी वारशाची साक्ष देतो. समोरच्याच भिंतीवर ख्रिस्ती धर्मशास्त्राचे चित्र आहे. श्रद्धेच्या दरबाराने ख्रिस्तपूर्व विचारवंतांस असे सन्मानाचे आसन द्यावे, यातच त्या युगाचे औदार्य आहे.