घरगुती अ‍ॅक्वापॉनिक्स

घरगुती अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणजे अंगणात, गच्चीवर किंवा बाल्कनीत एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजीपाला एकत्र वाढविण्याची पद्धत होय. मत्स्यसंवर्धन आणि मातीविना शेती (हायड्रोपोनिक्स) यांच्या संयोगातून ती विकसित झाली आहे. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात मिसळणाऱ्या अमोनियाचे जीवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, वनस्पती ते नायट्रेट शोषून घेतात आणि शुद्ध झालेले पाणी पुन्हा माशांच्या टाकीत येते. या पद्धतीत मासे व रोपे डोळ्यांना दिसतात. संचाचे यश मात्र न दिसणाऱ्या जीवाणूंवर अवलंबून असते. जीवाणूंची वसाहत तयार होण्यापूर्वीच मासे सोडणे हे नव्या संचातील मासे मरण्याचे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास

भाताच्या खाचरात मासे वाढविण्याची परंपरा चीन व आग्नेय आशियात जुनी आहे. भारतात अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यातील आपातानी लोक एकाच खाचरात भात व मासे घेतात. गोव्यातील खाजन जमिनींतही भातशेती आणि मासळीचे उत्पादन यांची सांगड आढळते.

आधुनिक अ‍ॅक्वापॉनिक्सचा पाया अमेरिकेत घातला गेला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने १९७० च्या दशकात मासे व वनस्पती एकत्र वाढविण्याचे प्रयोग केले. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी माशांच्या टाकीतील पाणी वाळूच्या वाफ्यांतून फिरविणारा संच विकसित केला. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरंगत्या तराफ्यांची पद्धत व्यावसायिक प्रमाणावर नेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान संचांविषयी तांत्रिक पुस्तक प्रसिद्ध केले.

नायट्रोजन चक्र

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजल्यानेही त्यात भर पडते. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांपैकी अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया माशांना विषारी असतो. सामू आणि तापमान वाढले की मुक्त अमोनियाचा वाटा वाढतो. त्यामुळे अमोनियाचे जे एकूण प्रमाण हिवाळ्यात मासे सहन करतात, तेच उन्हाळ्यात घातक ठरू शकते.

नायट्रोसोमोनास गटातील जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारी असते. ते माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करते. पुढे नायट्रोस्पायरा व नायट्रोबॅक्टर गटांतील जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट माशांना बरेच कमी अपायकारक असून वनस्पतींना ते नत्राचे उत्तम स्रोत ठरते. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. ती घडविणाऱ्या जीवाणूंचा शोध रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास लावला. हे जीवाणू प्रामुख्याने पृष्ठभागांना चिकटून राहतात, म्हणून संचात खडीसारख्या भरपूर पृष्ठभाग असलेल्या माध्यमाची आवश्यकता असते.

संचाची रचना

अ‍ॅक्वापॉनिक्सचे तीन प्रकार प्रचलित आहेत: माध्यमाचे वाफे, तरंगते तराफे आणि नळ्यांतून वाहणारा पाण्याचा पातळ प्रवाह. नवशिक्यांसाठी पहिला प्रकार सोयीचा मानला जातो, कारण त्यात वाफा रोपांना आधार देतो, घाण गाळतो आणि जीवाणूंना निवाराही पुरवितो. इतर दोन प्रकारांत या कामांसाठी स्वतंत्र गाळण्या लागतात.

माध्यम-वाफ्याच्या संचात माशांची टाकी, सुमारे ३० सेंटीमीटर खोलीचा वाफा, पाण्याचा पंप, हवा पंप आणि नळ्या एवढे घटक असतात. पंपाने वाफ्यात चढविलेले पाणी ठराविक पातळीला पोचले की सायफनद्वारे वेगाने टाकीत उतरते. पाणी भरण्या-उतरण्याच्या या क्रमामुळे मुळांना व जीवाणूंना आलटून पालटून पाणी आणि हवा मिळते.

माध्यम म्हणून भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या किंवा धुतलेली खडी वापरतात. चुनखडी व संगमरवर यांमुळे पाण्याचा सामू वाढत राहतो. खडीवर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे आले, तर तीत चुन्याचा अंश आहे असे समजावे. महाराष्ट्रात सर्वत्र मिळणारी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, खडी या कामास योग्य असते. तांबे व जस्ताचा मुलामा असलेले नळ आणि भांडी टाळतात, कारण हे दोन्ही धातू माशांना विषारी असतात.

१,००० लिटर पाण्याचे वजन १ टन होते आणि खडीचे वजन त्याहून वेगळे. म्हणून गच्चीवर किंवा बाल्कनीत संच उभारण्यापूर्वी बांधकामाच्या भारक्षमतेविषयी अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

जीवाणूंची वसाहत तयार करणे

टाकीत पाणी भरून पंप सुरू केल्यावर लगेच मासे सोडत नाहीत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणू व मासे या दोघांनाही मारक असल्याने पाणी एक-दोन दिवस हवा सोडून खेळते ठेवतात. त्यानंतर मासे नसतानाच पाण्यात अल्प प्रमाणात अमोनिया मिसळतात. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, वापरता येतो किंवा थोडे मत्स्यखाद्य पाण्यात कुजू देतात. अमोनियाची पातळी साधारणपणे लिटरमागे २ ते ४ मिलिग्रॅम ठेवतात.

चाचणी संचाने नियमित मोजणी केल्यास बदलांचा क्रम स्पष्ट दिसतो: प्रथम अमोनिया वाढतो, तो घटू लागताच नायट्राइट वाढते, शेवटी नायट्राइटही घटून नायट्रेट आढळू लागते. मिसळलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आले, म्हणजे वसाहत तयार झाली. उबदार हवामानात यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत अधिक. चालू असलेल्या निरोगी संचातील मूठभर खडी नव्या वाफ्यात मिसळल्यास हा काळ कमी होतो. या काळात पाणी स्वच्छ व निवळ दिसते, परंतु निवळ पाणी सुरक्षित असतेच असे नाही. अमोनिया व नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत.

मासे आणि वनस्पती

सुरुवातीस गोल्डफिश, कोई यांसारखे काटक शोभिवंत मासे सोयीचे असतात. खाण्यासाठी महाराष्ट्रात 'सायप्रिनस' नावाने ओळखला जाणारा कॉमन कार्प मोठ्या टाकीत वाढविता येतो. जगभर या पद्धतीत तिलापिया लोकप्रिय आहे. तथापि तो परदेशी मासा नैसर्गिक जलाशयांत झपाट्याने पसरत असल्याने भारतात त्याच्या पालनासाठी शासकीय परवानगी लागते. थाई मागूर या माशाच्या पालनावर भारतात बंदी आहे.

पालक, पुदिना, तुळस, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या व सुगंधी वनस्पती नव्या संचात चांगल्या येतात. टोमॅटो, मिरची यांसारख्या फळभाज्यांना अधिक पोषण लागते, म्हणून त्या संच स्थिरावल्यावर लावतात. जमिनीखाली पोसणारी कंदमुळे सहसा टाळतात.

माशांची संख्या आणि वाफ्याचे क्षेत्रफळ यांचा मेळ रोजच्या खाद्यावरून घालतात. अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दररोजच्या ४० ते ५० ग्रॅम खाद्यामागे पालेभाज्यांचे १ चौरस मीटर क्षेत्र धरले जाते. १,००० लिटर पाण्यात १० ते २० किलोग्रॅमपर्यंत मासे ठेवता येतात. उदाहरणार्थ, ५०० लिटरच्या टाकीत प्रत्येकी ५० ग्रॅमचे २० मासे सोडल्यास त्यांचे एकूण वजन १ किलोग्रॅम होते. वजनाच्या २ टक्के या दराने त्यांना रोज २० ग्रॅम खाद्य लागेल आणि त्यावर सुमारे अर्धा चौरस मीटर पालेभाजी वाढेल. हेच मासे प्रत्येकी २५० ग्रॅमचे झाल्यावर एकूण वजन ५ किलोग्रॅम होईल. तेव्हा १ टक्का दरानेही रोज ५० ग्रॅम खाद्य लागेल आणि वाफा किमान १ चौरस मीटर असावा लागेल. म्हणून माशांची संख्या आजच्या नव्हे, तर पूर्ण वाढीच्या वजनावरून ठरवितात.

देखभाल

जीवाणूंना किंचित अल्कधर्मी, तर बहुतेक वनस्पतींना किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. मध्यममार्ग म्हणून सामू ६.८ ते ७.० च्या आसपास राखतात. नायट्रीकरणामुळे सामू हळूहळू उतरतो. तो ६ च्या खाली गेल्यास जीवाणूंचे कार्य मंदावते. अशा वेळी कॅल्शियम व पोटॅशियमचे अल्कधर्मी क्षार आलटून पालटून थोड्या प्रमाणात देतात, त्यायोगे मत्स्यखाद्यात कमी असणारी ही दोन पोषकद्रव्येही रोपांना मिळतात. याउलट कूपनलिकेच्या कठीण पाण्यात सामू चढाच राहतो आणि रोपांना लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडतात. त्यावर चिलेटेड लोह हा उपाय आहे.

पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन असावा लागतो. पंप बंद पडल्यास दाटीने ठेवलेले मासे काही तासांतच गुदमरू शकतात. त्यामुळे भारनियमन असलेल्या भागांत बॅटरीवर चालणारा हवा पंप ही चैन नसून संचाचा आवश्यक भाग ठरतो. अमोनिया वाढल्यास खाद्य त्वरित थांबवितात आणि क्लोरीनविरहित पाण्याने टाकीतील काही पाणी बदलतात.

रोपांवर कीड पडल्यास रासायनिक कीटकनाशके, बोर्डो मिश्रण किंवा साबणाचे द्रावण फवारत नाहीत, कारण ते पाण्यात उतरून माशांना मारते. कीड हाताने वेचणे, जाळी लावणे आणि मित्रकीटकांचा उपयोग करणे हे मार्ग अवलंबितात. टाकीचे पाणी पानांवर पडू न देणे आणि भाजी खाण्यापूर्वी धुणे ही आरोग्याच्या दृष्टीने घ्यावयाची काळजी होय.

लाभ आणि मर्यादा

पाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने बाष्पीभवन व रोपांच्या वापरामुळे घटलेलेच पाणी प्रामुख्याने भरावे लागते. नापीक किंवा माती नसलेल्या जागीही उत्पादन घेता येते. मात्र सुरुवातीचा खर्च, अखंड विजेची गरज, विकतचे मत्स्यखाद्य आणि रोजचे लक्ष या पद्धतीच्या मर्यादा आहेत. मासे, वनस्पती आणि जीवाणू एकमेकांवर अवलंबून असल्याने एका घटकातील बिघाड तिन्ही घटकांपर्यंत पोचतो. म्हणून प्रथम लहान संच उभारून तो एक उन्हाळा व एक हिवाळा स्थिर ठेवणे आणि त्यानंतरच विस्तार करणे हितावह ठरते.