गोळीचा वेग व ऊर्जा : अंतरानुसार ऱ्हास

बंदुकीची नळी सोडल्यावर दारूच्या वायूंचा रेटा जवळजवळ तत्काळ संपतो व तेथून पुढे हवेचा प्रतिरोध गोळीचा वेग अखंड घटवीत जातो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तिची घट वेगाच्या घटीहून अधिक त्वरेने होते. वेग निम्मा उरला की ऊर्जा चतुर्थांश उरते.

इतिहास : जड गोळ्यापुढे हवेचा अडथळा तो काय, या समजुतीवर तोफखान्याचे जाणकार दीर्घकाळ विसंबून होते. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) याने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात ती खोडून काढली. तिकाटण्यास टांगलेल्या लोखंडी दोलकाच्या दर्शनी बाजूस लाकडाची जाड फळी बसवून तीत गोळी रुतवावयाची, आणि झोका घेताना दोलक आपल्याबरोबर जितकी फीत ओढून नेईल तिच्या लांबीवरून संवेगाच्या हिशेबाने गोळीचा वेग काढावयाचा, अशी त्याची तजवीज होती. पाऊण इंच व्यासाच्या, पौंडाचा बारावा हिस्सा वजनाच्या शिशाच्या गोळीचा वेग २५ फुटांवर सेकंदास १,६७० फूट, ७५ फुटांवर १,५५० व १२५ फुटांवर १,४२५ फूट भरला; म्हणजे अवघ्या शंभर फुटांत वेग सुमारे १५, तर ऊर्जा सुमारे २७ टक्के घटली. आरंभीचा प्रतिरोध दहा पौंडांच्या घरात, गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट येतो. निर्वातात ४५ अंशांच्या कोनात सोडलेली हीच गोळी सोळा मैलांवर जाऊन पडावी. प्रत्यक्षात ती एक मैलही गाठीत नाही. स्विस गणिती ऑयलरने १७४५ साली या ग्रंथाचे सटीप जर्मन भाषांतर केले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुख्य अभियंत्याच्या हुद्द्यावर हिंदुस्थानात आला आणि तटबंदीची कामे हाती घेतो न घेतो तोच कडलूरनजीकच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारला.

ध्वनिवेग : गोळीचा वेग ध्वनिवेगाच्या आसपास येताच प्रतिरोधाचा नियम पालटतो.

आकार व वजन : वजनाच्या मानाने छेद लहान व टोक निमुळते असेल, तितका ऱ्हास मंद. .३०३ रायफलीच्या सातव्या प्रतीची १७४ ग्रेनची गोळी नळीच्या मुखाशी सेकंदास २,४४० फूट वेगाने व सुमारे २,३०० फूट-पौंड ऊर्जेनिशी निघते. वेग १,७२५ फुटांवर उतरला की ऊर्जा निम्मी होते.

मारकता : ऊर्जा हेच मारकतेचे माप मानावे की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.