गोठ्यातील अमोनिया आणि न थांबणारा खोकला

गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरतात, नाकाला झोंबते? तो अमोनिया वायू आहे. रोज धार काढणाऱ्याच्या नाकाला या वासाची सवय होते. पण वास जाणवत नाही म्हणून वायू नाही, असे समजू नका.

तो कसा तयार होतो?
जनावरांच्या मूत्रात युरिया असतो. शेणातील जिवाणूंचे युरिएज हे विकर त्याचे विघटन करते आणि अमोनिया सुटतो. मूत्र साचले व उष्णता वाढली की प्रमाण वाढते.

शरीरावर काय परिणाम होतो?
अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे डोळे, नाक व घशाच्या ओलसर आवरणाची आधी जळजळ होते. मग खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते. दमा असणाऱ्यांना व लहान मुलांना जास्त त्रास होतो.

बुरशी आलेला कडबा किंवा वाळलेला चारा हाताळल्यावर ४ ते ८ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला व धाप लागत असेल, तर ते 'फार्मर्स लंग' असू शकते. हा त्रास फ्लूसारखाच वाटतो, पण वारंवार झाल्यास फुप्फुसांचे कायमचे नुकसान होते.

काय करावे?
- शेण दिवसातून किमान दोनदा काढा. मूत्र वाहून जाईल असा जमिनीला उतार ठेवा.
- अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, म्हणून छताजवळ झरोके हवेत. थंडीत ताडपत्रीने गोठा पूर्ण बंद करू नका.
- साधा मास्क किंवा रुमाल हा वायू अडवत नाही. एन-९५ मास्क धुळीपासून वाचवतो, अमोनियापासून नाही.
- मूत्र साचलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आधी पाण्याने स्वच्छ धुवा.
- गोबरगॅसच्या किंवा शेणाच्या खड्ड्यात कधीही उतरू नका. आत कोणी बेशुद्ध पडले तरी मागोमाग उडी घेऊ नका, तातडीने मदत बोलवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर 'गोठ्यामुळेच असेल' म्हणून थांबू नका. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्या. धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.

तपासणीच्या वेळी घरी गोठा आहे आणि त्यात रोज किती वेळ जातो, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. सुट्टीत किंवा परगावी गेल्यावर खोकला कमी होत असेल, तर तेही सांगा. निदानासाठी ही माहिती फार उपयोगी पडते.