महाराष्ट्र केसरीची फाटाफूट आणि मुळशी

पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने 1953 मध्ये महाराष्ट्राची कुस्तीगीर परिषद उभी राहिली. त्याआधी पैलवानाचा पैसा दोनच ठिकाणांहून येई: संस्थानिकांचा आश्रय आणि जत्रांचे फड. संस्थाने विलीन झाली आणि पहिला आधार गेला. मुळशीच्या गावांत मात्र जत्रेचा आखाडा लोकवर्गणीवर टिकला. पंचमंडळी जोड लावत आणि कुस्ती निकाली होताच इनाम तिथल्या तिथे हातात पडे. दूध, तूप, बदामाच्या खुराकाचा खर्च घरची शेती आणि असले इनाम मिळून कसाबसा निघे.

परिषदेने 1961 मध्ये महाराष्ट्र केसरी किताब सुरू केला. पहिला मान औरंगाबादला दिनकर दह्यारींनी मिळवला. पुढे विजेत्याला मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून गदा मिळू लागली. ती आतून सागवानी लाकडाची आणि वरून चांदीच्या पत्र्याने मढवलेली असते. गदा खांद्यावर आली की फडातला इनाम वाढे, नोकरीही मिळे. तीनदा किताब जिंकलेले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. 2017 मध्ये स्पर्धा मुळशीतल्याच भूगावला झाली आणि अभिजित कटके याने किरण भगतला हरवले.

एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील विजेता ठरला, पण गदेसोबत रोख रक्कम मिळाली नाही म्हणून मोठी नाराजी उमटली. त्याच वर्षाच्या मध्यावर भारतीय कुस्ती महासंघाने शरद पवार अध्यक्ष असलेली परिषद बरखास्त केली. रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली नवी संघटना आली, आणि वाद न्यायालयात गेला. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेचे यजमान मूळचे मुळशीतल्याच मुठे गावचे मुरलीधर मोहोळ होते. तिथे शिवराज राक्षे याला थार गाडी आणि 5 लाख रुपये मिळाले. एका वर्षात बक्षिसाचे मान इतके बदलले, यात दोन संघटनांमधल्या चढाओढीचा वाटा नाकारता येत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये दोन्ही संघटनांनी वेगवेगळी स्पर्धा घेतली आणि महाराष्ट्र केसरी दोन झाले. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, तर धाराशिवला शिवराज राक्षे. 2025 मध्येही तेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ गदा आणि थार घेऊन परतला, तर मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके विजेता झाला.

दोन मैदाने म्हणजे दोन बक्षिसे, आणि आघाडीच्या मल्लांना त्याचा फायदा झाला. तोटा खालच्या वजनगटांतल्या मुलांचा आहे. शासकीय नोकरीतील 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनेचे प्रमाणपत्र लागते. कोणत्या संघटनेच्या निवड चाचणीला उतरायचे, हा निर्णय अठरा-वीस वर्षांच्या पोरावर पडतो आणि तो चुकला तर वर्षभराची मेहनत कागदावर उरत नाही. खुराकाचा खर्च मात्र पूर्वीसारखाच घरच्यांना आणि तालमीला सोसावा लागतो.