राउटर ते बेडरूम: पंधरा फुटांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात, भूगावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, धाकट्या बहिणीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत मध्येच गोठली. ती पुन्हा जोडली गेली तोवर समोरच्यांनी पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं. घरात सगळ्यांनी इंटरनेट कंपनीला शिव्या घातल्या. मग मी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला, तर इंटरनेट सुसाट! म्हणजे लाइन ठीक होती. गोंधळ राउटर आणि बेडरूममधल्या पंधरा फुटांत होता.

त्या पंधरा फुटांना इतिहास आहे.

वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. तो मुळात कारखान्यातली, दवाखान्यातली यंत्रं आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्यासाठी सोडलेला. १९८५मध्ये अमेरिकेने तिथे विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली. भारतात हा पट्टा २००५मध्ये परवानामुक्त झाला. परवाना नाही म्हणून वाय-फाय घरोघरी पोचलं, आणि म्हणूनच तिथे गर्दीही झाली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल्स जेमतेम तीन: १, ६ आणि ११. मुळशी रस्त्यालगत शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले, तशी प्रत्येक मजल्यावर राउटरची भर पडली.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. लहरी भिंतींवर, लोखंडी कपाटांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोचतात आणि संदेश एकमेकांत मिसळतो. यावर १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी तोड काढली: एक वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी माहिती अनेक संथ प्रवाहांत वाटायची, म्हणजे आधीचा प्रतिध्वनी पुढच्या संदेशात मिसळत नाही. १९९६मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळालं. वाय-फाय हा एकट्या कुणाचा शोध नव्हे, पण हा त्यातला मोठा दुवा. ओ'सुलिव्हन मुळात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधणारे.

याच संस्थेत १९५३मध्ये गोविंद स्वरूप शिकायला गेले होते. तिथल्या ३२ जुन्या तबकड्या पुढे भारताला मिळाल्या आणि १९६५मध्ये कल्याणजवळ सूर्याचं निरीक्षण करू लागल्या. त्याच वाटेवर पुढे नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोंगाटातून क्षीण संकेत वेचणं हेच त्यांचंही काम. त्यासाठी शहरापासून लांबची, शांत जागा निवडली. आपल्याला ती सोय नाही.

पण शास्त्रज्ञही चकतात. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला अनेक वर्षं काही गूढ संकेत मिळत होते. २०१५मध्ये उलगडा झाला: चालू मायक्रोवेव्हचं दार कुणीतरी मध्येच उघडत होतं!

आम्हीही आधी घरातच शोधलं. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला खेटून बसलेला राउटर काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवला. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शेजारचे बहुतेक राउटर ६ नंबरच्या चॅनलवर दिसले. आम्ही १ निवडलं. जवळ बसणाऱ्यांसाठी ५ गिगाहर्ट्झ. ते भिंतीपलीकडे लवकर दमतं, पण तिथे गर्दी कमी.

बहिणीची पुढची मुलाखत मात्र पॅसेजमधून ओढलेल्या केबलवर झाली. त्या तासभर आईने दोनदा अडखळून आम्हाला शिव्या दिल्या. कंपनीला नाही.